आर-२२ वर ट्रेनिंग: १० तासांची अट पुरेशी आहे का?

वारज्याची_आई
लेक अमेरिकेत हेलिकॉप्टर शिकायला निघालीय. शाळेत रॉबिन्सन आर-२२ आहे. तिथल्या एफएएचा (विमान वाहतुकीचे नियम करणारी सरकारी संस्था) या मशीनसाठी वेगळा नियम आहे म्हणे, एसएफएआर ७३: २०० तासांचा अनुभव, नाहीतर इन्स्ट्रक्टरबरोबर १० तास. दहाच? वर २०२४ मध्ये त्यातून लो-जीचा सराव काढून टाकला असं वाचलं. म्हणजे नियम सैल केला का? तिचा मामा हडपसरला ग्लायडर उडवायचा. तो म्हणतो, हवेत राहायची सवय असली की झालं.

पौडरोड४२
बावधनला हेलिकॉप्टर पडलं ते विसरलात? विमान शिकवा पोरीला.

लोहगावचा_फौजी
बावधनचं इथे आणू नका. २ ऑक्टोबर २०२४ ला पडलं ते दोन इंजिनांचं, चार पात्यांचं मशीन. विषय वेगळा.

ताई, मी आर्मीत चेतक-चीता हेलिकॉप्टरांवर टेक्निशियन होतो. रॉबिन्सनवर काम केलं नाही, पण रोटर हेड, म्हणजे पाती जोडलेली असतात तो भाग, कळतं. चेतकला तीन पाती, प्रत्येकाला आपापला बिजागर. आर-२२ ला दोनच, आणि ती मास्टवर (रोटरच्या उभ्या दांड्यावर) तराजूच्या दांडीसारखी एकत्र झुलतात. पायलटने सायक्लिक (रोटर पुढे-मागे, बाजूला कलवायची काठी) झटक्यात पुढे ढकलली की रोटरवरचा भार जातो. हेच लो-जी. शेपटीचा रोटर मात्र ढकलतच असतो, म्हणून मशीन उजवीकडे कलंडतं. माणूस साहजिकच सायक्लिक डावीकडे मारतो. आता भार नसल्यामुळे रोटर कलतो, पण मशीन त्याच्यामागे येत नाही. पात्यांचं मूळ मास्टवर आपटतं आणि खेळ खलास. खरं तर आधी सायक्लिक हळूच मागे घ्यायची, भार परत आला की मगच डावीकडे.

असे अपघात बघूनच १९९५ मध्ये हा नियम आला. लो-जी मुद्दाम करायला मशीनच्या मॅन्युअलमध्ये आणि कॉकपिटमधल्या पाटीवर आधीपासूनच मनाई होती, नियमात मात्र त्याचं हवेतलं शिक्षण लिहिलेलं होतं. २०२४ मध्ये ती विसंगती काढली. जमिनीवर ते शिकवायचंच आहे. याला सैल करणं म्हणत नाहीत.

१० तासांचं म्हणाल, तर तो आकडा सुरुवातीला तुमच्या लेकीला लागूच नाही. हेलिकॉप्टरचं लायसन्स नसलेल्याला एकट्याने उडवण्याआधी आर-२२ वरच इन्स्ट्रक्टरबरोबर किमान २० तास लागतात. आणि ते २०० तास हेलिकॉप्टरचेच, त्यातले ५० आर-२२ चे.

आता मामासाहेब. स्टॉल आला, म्हणजे पंखांची उचल गेली, की नाक खाली, हे ग्लायडरवाल्याच्या हातात भिनलेलं असतं. आर-२२ मध्ये रोटरचे आरपीएम उतरले की हॉर्न वाजतो, आणि तेव्हा तसंच सायक्लिक पुढे ढकललं तर थेट लो-जी. शिवाय रोटर हलका. इंजिन गेलं तर कलेक्टिव्ह (सगळ्या पात्यांचा कोन एकदम बदलणारा दांडा) खाली करायला जेमतेम सेकंदभर मिळतो, तिथे विचार करायला वेळ नसतो. मुलीची पाटी कोरी आहे ते एका परीने बरंच आहे.

वारज्याची_आई
मामाला वाचून दाखवलं. तो विषय बदलून पेट्रोलच्या भावावर गेलाय. 🙂 काका, शाळेला काय विचारू?

लोहगावचा_फौजी
इन्स्ट्रक्टरचे एकूण तास सांगतील, ते ऐकून गार होऊ नका. आर-२२ चे किती ते विचारा. दुसरं वाऱ्याचं. अनुभव कमी असेल तर जमिनीवरचा वारा झोतांसकट २५ नॉटच्या वर गेला की आर-२२ उडवायचं नाही, अशी मर्यादा आहे. त्या दिवशी उड्डाण रद्द कोण करतं आणि रद्द झाल्याचे पैसे कापतात का, हे लेखी घ्या. पैसे कापले जाणार असले की पोरं वाऱ्यातही निघतात.