अनुभव धागा: हाँगकाँग आणि ऑक्टोपस कार्डाचा तो 'डूट'

रेवा
काल भाचीने हाँगकाँगहून व्हिडिओ पाठवला. एमटीआरच्या, म्हणजे तिथल्या मेट्रोच्या, गेटवर कार्ड टेकवताना वाजलेला तो 'डूट' ऐकला आणि अंगावर काटाच आला. तिथे गेले तेव्हा कँटोनीजचा एक शब्द येत नव्हता, घराबाहेर पडायची धास्ती. नवऱ्याने ऑक्टोपस कार्ड हातात दिलं (आधी पैसे भरून ठेवायचे, मग यंत्राला टेकवलं की भाडं कापलं जातं) आणि सगळं शहर खुलं झालं. ट्राम, स्टार फेरीची बोट, सेव्हन-इलेव्हनचं दुकान. कुणाला भाडं विचारायला नको, सुटे मोजायला नकोत. तिथे राहिलेल्यांनी लिहा ना!

माधुरी_ठ
ट्रामला मागून चढायचं, उतरताना पुढे ड्रायव्हरजवळ कार्ड. बायका पर्स उघडायच्याच नाहीत, अख्खी पर्स यंत्रावर टेकवायची की झालं. माझी लेक घरी बाहुलीची पर्स घेऊन हेच खेळायची. गॅसवर दूध आहे, येते.

सुहास७०
१ सप्टेंबर १९९७ ला कार्ड सुरू झालं तेव्हा मी तिथेच होतो. सोनीचं फेलिका तंत्र. आत बॅटरी नाही. तारेचं वेटोळं असतं, यंत्राच्या चुंबकीय क्षेत्रात आलं की त्यात वीज तयार होते आणि चिप जागी होते. शिल्लक कार्डातच नोंदलेली, त्यामुळे बसमधल्या यंत्राला दर वेळी कुठे विचारायला जावं लागत नाही. ०.३ सेकंदात काम. रांग तुंबत नाही ती यामुळे. आधी फक्त प्रवासापुरतं होतं, दुकानांत नंतर पसरलं.

गार्गी
सुहासकाका, किती छान सांगितलंत! मला आवडायचं ते हे की शिल्लक कमी पडली तरी तेवढा एक प्रवास होऊ द्यायचे, शिल्लक उणे व्हायची. ५० डॉलर अनामत असायची ना. रात्रपाळी करून घरी निघालेल्या बाईला तो केवढा आधार!

नचिकेत
लाल मिनीबस विसरलात? तिथे तेव्हा बहुतेक वेळा रोखच द्यावं लागायचं. हिरवीत कार्ड चालायचं.

माधुरी_ठ
आले, दूध वाचलं. लाल मिनीबसमध्ये थांबा आला की ओरडायचं, तेही कँटोनीजमध्ये! आणि चुंगकिंग मॅन्शन्स या इमारतीतल्या भारतीय दुकानांतला कढीपत्ता आठवतो का कुणाला?

गार्गी
आठवतो तर! कढीपत्ता, तूरडाळ आणि लिफ्टची ती लांबलचक रांग.

वैशाली_द
सासरे आमच्याकडेच राहायचे. २०१२ मध्ये ६५ वरच्यांना २ डॉलरमध्ये एमटीआरचा प्रवास सुरू झाला. त्याआधी कुठे जायचं तर मुलाकडे पैसे मागायला संकोचायचे, बागेच्या पलीकडे जात नसत. मग नाश्ता झाला की एल्डर कार्ड (ज्येष्ठांचं ऑक्टोपस) शर्टाच्या खिशात आणि स्वारी बाहेर. संध्याकाळी आम्हालाच नवीन स्टेशनांची नावं सांगायचे. सरकारने म्हाताऱ्यांसाठी केलेलं इतकं चांगलं काम मी दुसरं पाहिलं नाही.

शेखर_म
कौतुक मान्य, पण २०१० चं प्रकरण विसरू नका. ऑक्टोपस कंपनीने जवळजवळ २० लाख ग्राहकांची माहिती व्यापारी कंपन्यांना दिली आणि त्यातून ४.४ कोटी हाँगकाँग डॉलर कमावले. मुख्याधिकाऱ्यांना पायउतार व्हावं लागलं. साध्या कार्डाला नाव-पत्ता लागत नाही, मी शेवटपर्यंत तेच वापरलं. कोण कुठे चढलं, काय विकत घेतलं, हे सगळं एका ठिकाणी साठतं. ते जपायलाच हवं.

रेवा
शेखरदादा, भाचीला हे नक्की सांगते. वैशाली, वाचून डोळे भरून आले गं. सासरे कसे आहेत आता?

वैशाली_द
मजेत आहेत. हा धागा वाचून दाखवला तर म्हणाले, दुमजली ट्राममध्ये वरच्या मजल्यावर पुढची जागा मिळायची ते लिही.

नचिकेत
रेवाताई, भाचीला सांगा, कायमचं परतताना कार्ड जमा करायचं. अनामत आणि शिल्लक परत मिळते.