शिक्षण समितीचे सभ्य (सदस्य) निवडून येतात म्हणे, पण मग मत कोण देतं?

वाडीवाली_आई

नमस्कार सगळ्यांना. बडोद्यातल्या मराठी पालकांना, त्यातही ज्यांची मुलं महापालिकेच्या शाळेत आहेत किंवा होती त्यांना विचारायचंय. माझा मुलगा चौथीत आहे, मराठी माध्यम. वर्गात मुलं दरवर्षी कमी होत चाललीयेत आणि परवा गेटवर आया आपसात बोलत होत्या की पुढच्या वर्षी आपली शाळा दुसऱ्या शाळेत भेळवणार. खरं की खोटं माहीत नाही. आमच्या आचार्यांना (मुख्याध्यापकांना) विचारलं तर ते म्हणाले, बेन, ते वरून ठरतं, आमच्या हातात काही नाही. आता वर म्हणजे नक्की कोण हे काही ते सांगेनात. शाळेचं नाव इथे लिहीत नाही, सर चांगले आहेत, मुलांवर माया करतात.

घरी आल्यावर मिस्टरांनी सांगितलं की शिक्षण समिती असते, तिचे सभ्य निवडून येतात, त्यांच्यातून अध्यक्ष होतो. तेव्हापासून माझ्या डोक्यातून जात नाहीये, कारण मी लग्न होऊन बडोद्यात आले तेव्हापासून महापालिकेचं, विधानसभेचं, लोकसभेचं एकही मतदान चुकवलं नाही, अगदी ताप असताना पण जाऊन आले, पण शिक्षण समितीसाठी कधी बटण दाबल्याचं मला आठवत नाही. मग हे निवडून आले ते कोणी निवडले? आणि शाळा भेळवायची असेल तर आम्हाला आधी विचारायला पाहिजे की नको? कोणाकडे जायचं?

आणखी एक, मी स्वतः म्हणे एसएमसीची, म्हणजे शाळा व्यवस्थापन समितीची, सभ्य आहे. एकदा बोलावलं, रजिस्टरमध्ये सही घेतली, चहा दिला, झालं. ती एसएमसी म्हणजे काय काम करते ते पण कोणाला माहीत असेल तर सांगा.

निवृत्त_गुरुजी

ताई, तुमचा प्रश्न अगदी बरोबर आहे आणि मी ३० वर्षांपेक्षा जास्त मास्तरकी केली तरी माझ्या वर्गातल्या एकाही पालकाने मला हे विचारलं नव्हतं.

नगर प्राथमिक शिक्षण समिती १९४७ च्या प्राथमिक शिक्षण कायद्यातून आली. तो मुळात मुंबई प्रांताचा कायदा, बडोदा संस्थान १ मे १९४९ ला मुंबई राज्यात गेलं आणि १९६० ला गुजरात वेगळं झालं तेव्हा तोच आपल्याकडे राहिला. त्यात समितीच्या सभ्यांना मत देतात ते नगरसेवक. तुम्ही आम्ही नाही. आपण १९ वॉर्डांतून ७६ नगरसेवक निवडतो, ते मत देऊन समितीवर माणसं पाठवतात, काही सरकारने नेमलेले असतात. समितीवर जाणारा माणूस स्वतः नगरसेवकच असतो असंही नाही. आणि रोजचा कारभार बघायला शासनाधिकारी असतात, ते सरकारी अधिकारी. वरतून शिक्षकांच्या पगाराचा मोठा भाग राज्य सरकारच्या ग्रँटमधून येतो. म्हणून तुम्ही विचारलंत "वर म्हणजे कोण" तर खरं उत्तर हे की वर तीन घरं आहेत, समिती, शासनाधिकारी आणि गांधीनगर, आणि प्रत्येक घर पुढच्या घराकडे बोट दाखवू शकतं.

तरी एक धागा तुमच्या हातात आहेच. समितीचं बजेट दरवर्षी महापालिकेकडे जातं आणि तिथे बसलेत ते तुमच्या मतावर. तुमच्या वॉर्डाच्या चार नगरसेवकांना लेखी विचारा, की समितीवर तुम्ही कोणाला मत दिलंत आणि त्या माणसाने आमच्या शाळेबद्दल काय भूमिका घेतलीये. गटाराबद्दल लोक विचारतात म्हणून ते गटाराचं उत्तर तयार ठेवतात.

लेकीकडे_राहून_आलो

गुरुजींनी छान सांगितलं. मी जरा लांबचं सांगतो, विषय तोच आहे. माझी लेक कॅलिफोर्नियात असते, फ्रेमॉन्टला, मी सहा महिने राहून आलो. तिथे स्कूल बोर्ड लोक थेट निवडतात. बहुतेक ठिकाणी ५ किंवा ७ जण, ४ वर्षांसाठी, आणि जो मुख्य अधिकारी असतो ना, सुपरिंटेंडंट, त्याला बोर्ड नेमतं आणि बोर्डच काढतं. एका संध्याकाळी नातवाच्या शाळेचा काही विषय होता म्हणून लेक मला बोर्डाच्या मीटिंगला घेऊन गेली. मला वाटलं आपल्याला आत कोण सोडणार. कोणी अडवलं नाही. साधा हॉल, खुर्च्या, समोर बोर्डाची माणसं आणि लोक एकेक करून माईकवर जाऊन मिनिटभर दोन मिनिटं बोलतात. एक बाई रडवेली होऊन बोलली, बसच्या वेळेवरून, आणि सगळ्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. माझी लेक व्हिसावर आहे, तिला मत नाही, पण बोलता येतं आणि ती बोलली पण.

हे कोणाच्या मेहेरबानीने नाही चालत, १९५३ पासून तिथे ब्राउन अॅक्ट नावाचा कायदा आहे, नेहमीच्या मीटिंगचा अजेंडा ७२ तास आधी लावावाच लागतो, आणि जो विषय अजेंड्यावर नाही त्यावर साधारणपणे ठराव करता येत नाही. म्हणजे शाळा बंद करायचा विषय असेल तर तो तीन दिवस आधी कागदावर दिसणार.

आणि पैशाचं. २०१३ मध्ये त्यांनी पद्धत बदलली. राज्य पैसे देतं, वापरायचे कसे ते स्थानिक बोर्ड ठरवतं, पण त्याबदल्यात बोर्डाला तीन वर्षांचा आराखडा करावा लागतो, त्याचं नावच लोकल कंट्रोल अँड अकाउंटेबिलिटी प्लॅन. तो दरवर्षी नवा करायचा, पालकांच्या सल्लागार समितीला दाखवायचा, एका मीटिंगमध्ये लोकांचं ऐकायचं आणि दुसऱ्या मीटिंगमध्ये पास करायचा, एकाच दिवशी दोन्ही करता येत नाही. १ जुलैच्या आत. गरीब घरची मुलं, आई-वडिलांपासून दूर सरकारच्या देखरेखीखाली वाढणारी मुलं आणि घरी इंग्रजी न बोलणारी मुलं, यांच्यासाठी जास्तीचे पैसे मिळतात आणि ते त्यांच्यासाठी कसे लावले ते लिहावं लागतं. मला हे सगळ्यात आवडलं. घरी दुसरी भाषा बोलणारी मुलं पुरेशी असतील तर त्यांच्या पालकांची वेगळी समिती करावी लागते. आपली मराठी मुलं गुजरातेत नेमकी तीच झाली ना.

रावपुरा_नाका

काका, ऐकायला छान वाटतं पण मला थेट निवडणुकीची भीती वाटते. बडोद्यात शिक्षण समितीचं थेट मतदान ठेवलं तर काय होईल? तेच पक्ष, तेच बॅनर, त्याच रिक्षा, आणि शिक्षकांच्या बदल्या पण त्यातच अडकणार. आत्ता निदान शिक्षकाला उमेदवाराच्या मागे फिरावं लागत नाही. आणि तुमच्या कॅलिफोर्नियात तरी सगळं गोड आहे का? सॅन फ्रान्सिस्कोत कोविडमध्ये शाळा बंद होत्या तेव्हा बोर्ड ४४ शाळांची नावं बदलायच्या मागे लागलं होतं, हे मी तेव्हा बातम्यांत पाहिलंय. लोकांनी निवडलेलंच बोर्ड होतं ते.

लेकीकडे_राहून_आलो

बरोबर आहे, निवडलेलंच होतं. पण पुढचं पण सांगा ना भाऊ. फेब्रुवारी २०२२ मध्ये लोकांनी सह्या गोळा करून मतदान मागितलं आणि तीन सभ्यांना मुदत संपायच्या आधी घरी पाठवलं. चूक होणारच, माणसं आहेत. माझा मुद्दा इतकाच की त्या पालकांना माहीत होतं चूक कोणाची आणि तिला मत देऊन काढता येतं. आणि अजून एक, त्याच सॅन फ्रान्सिस्कोत २०१६ ला लोकांनीच मत देऊन ठरवलं की जे नागरिक नाहीत पण ज्यांची मुलं तिथे राहतात त्यांनाही शाळा बोर्डासाठी मत द्यायचं. मला तर वाटतं शाळेच्या बाबतीत पालक असणं हाच मोठा हक्क.

बदल्यांचं तुम्ही म्हणता ते मात्र मला पटतं. ते त्या बोर्डाच्या हातात देऊ नये.

प्रतापनगरची_मावशी

ताई, कायदा बदलेल तेव्हा बदलेल, तुमचा मुलगा तोवर दहावी होऊन जाईल. मी पाच वर्षं एसएमसीत होते, माझी मुलगी महापालिकेच्याच शाळेत शिकली, म्हणून सांगते, तुमच्या हातात आत्ता जे आहे ते वापरा.

तुम्ही सही करून आलात ना, ती साधी सही नाही. आरटीई म्हणजे शिक्षण हक्क कायदा २००९, कलम २१. प्रत्येक सरकारी शाळेत शाळा व्यवस्थापन समिती पाहिजे, त्यात कमीत कमी तीन चतुर्थांश सभ्य पालक पाहिजेत आणि निम्म्या बायका पाहिजेत. तिचं काम म्हणजे शाळेवर लक्ष ठेवणं, ग्रँटचे पैसे कुठे गेले ते बघणं आणि कलम २२ प्रमाणे शाळा विकास योजना तयार करणं. केंद्राच्या नियमांत ती योजना पण तीन वर्षांची आहे, काकांनी सांगितली ना अगदी तशी! आर्थिक वर्ष संपायच्या निदान तीन महिने आधी तयार करायची. आणि महिन्यातून एकदा मीटिंग, तिची नोंद लोकांना बघायला मिळाली पाहिजे. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी चाट पडले होते, कारण आमच्याकडे ती योजना एका फाईलमध्ये होती, सह्या सगळ्या आमच्याच, आणि आमच्यातल्या एकीने पण ती उघडून वाचलेली नव्हती. मग आम्ही सहा जणींनी ठरवलं, दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी शाळा सुटल्यावर अर्धा तास बसायचं, मीटिंग बोलावली तर मीटिंग, नाही बोलावली तर ओटल्यावर. तीन महिने आचार्य वैतागले. नंतर तेच म्हणायला लागले की पाण्याच्या टाकीचं तुम्ही लिहून द्या, माझ्या कागदापेक्षा तुमच्या सह्यांचा कागद लवकर पुढे सरकतो. टाकी झाली. मुलींचं बाथरूम व्हायला अजून एक वर्ष लागलं.

आता भेळवायच्या बाबतीत. आधी विचारा की कागदावर काही आहे का. माहिती अधिकारात अर्ज करा, २० रुपये फी, ३० दिवसांत उत्तर. मागायचं हे की आमच्या शाळेच्या एकत्रीकरणाबद्दल शिक्षण समितीच्या बेठकीत काही ठराव झालाय का, झाला असेल तर त्याची नक्कल आणि त्या बेठकीची नोंद. "का केलं" असं विचारू नका, कागद मागा, "का"चं उत्तर द्यायला ते बांधील नाहीत. आणि फाईल स्वतः जाऊन बघायची परवानगी पण त्याच अर्जात मागा, नकलेत जे येत नाही ते फाईलच्या समासात लिहिलेलं असतं. केंद्राच्या नियमात पहिली ते पाचवीसाठी १ किलोमीटरच्या आत शाळा पाहिजे, सहावी ते आठवीला ३, तर नवी शाळा घरापासून किती लांब पडते ते चालत जाऊन मोजून ठेवा, रिक्षाने नको.

वाडीवाली_आई

मावशी तुमचे किती आभार मानू. मला तर वाटलं होतं एसएमसी म्हणजे हळदीकुंकवासारखं बोलावणं. एक अडचण आहे, मला गुजराती बोलता येतं पण लिहिता येत नाही नीट. अर्ज मराठीत चालेल का?

निवृत्त_गुरुजी

माहिती अधिकाराचा अर्ज इंग्रजी, हिंदी किंवा त्या भागाच्या राजभाषेत करता येतो, म्हणजे आपल्याकडे गुजराती. मराठी त्यात बसत नाही. पण हिंदी तुम्हाला येतेच, हिंदीत लिहा, लिपी तीच आहे, कोणी नाकारू शकत नाही. आणि ज्याला लिहिता येत नाही त्याला लिहायला मदत करणं हे त्या माहिती अधिकाऱ्याचं कायद्याने काम आहे. तरी गुजरातीत करायचा असेल तर मी लिहून देईन.

आणि त्याच कायद्याचं कलम ४ वाचून जा. प्रत्येक सरकारी संस्थेने आपल्या समित्या कोणत्या, त्यांच्या बेठका लोकांना खुल्या आहेत का आणि नोंदी बघायला मिळतात का हे कोणी न विचारता जाहीर करायचं असतं. म्हणजे काकांच्या त्या ७२ तासांच्या अजेंड्याएवढं नाही, पण शिक्षण समितीच्या बेठकीत पालकाला मागे बसता येतं की नाही याचं उत्तर मागायचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे, आणि मला वाटतं हा प्रश्न बडोद्यातल्या प्रत्येक एसएमसीने एकदा लेखी विचारावा. नाही म्हणाले तर "नाही" कागदावर येऊ दे.

एक गोष्ट राहवत नाही म्हणून लिहितो. सयाजीराव महाराजांनी १८९३ मध्ये अमरेलीकडच्या गावांत सक्तीचं शिक्षण चालू केलं, १९०६ मध्ये सगळ्या संस्थानाला लागू केलं. मूल शाळेत नाही पाठवलं तर पालकाला दंड व्हायचा. त्या राज्यातली ही शाळा आहे ताई, तिच्यात मुलं कमी झाली म्हणून नुसतं कुलूप लावायचं आणि पालकाला गेटवर कळायचं, हे मला बघवणार नाही.

रावपुरा_नाका

थेट निवडणुकीवर माझं मत अजून तेच आहे. पण बेठक पालकांना खुली असावी याच्याशी मी सहमत आहे, त्यात पक्षाचा काही संबंध नाही. माझी मुलं इंग्रजी माध्यमात आहेत, तरी त्या कागदावर माझी सही चालत असेल तर सांगा.

वाडीवाली_आई

अपडेट देते. शनिवारी आम्ही सात आया आणि दोन बाबा बसलो, आचार्य पण आले, त्यांनी शाळा विकास योजना स्वतः कपाटातून काढून दिली. आम्ही ती पहिल्यांदा पूर्ण वाचली. त्यात शाळा भेळवायचं काही नाहीये पण पुढच्या वर्षीचा पट आत्ताच्या पटापेक्षा कमी धरलाय, तो कोणी आणि कशावरून धरला ते आचार्यांनाही माहीत नव्हतं. वाडीत आणि बाबाजीपुऱ्यात मराठी घरं किती आहेत, पाच वर्षांची मुलं किती आहेत ते आता आम्हीच घरोघर जाऊन लिहितोय, दोन गल्ल्या झाल्या.

माहिती अधिकाराचा अर्ज गुरुजींनी तपासून दिलाय, हिंदीतच केला, फाईल बघायची परवानगी पण मागितलीये. मंगळवारी सकाळी ११ वाजता खंडेराव मार्केटच्या दाराशी भेटून पुढे द्यायला जाणार आहोत. नगरसेवकांची चार पत्रं पण त्याच दिवशी देणार. ज्यांना सह्या करायच्या असतील त्यांनी सोमवारी संध्याकाळपर्यंत कळवा, रावपुरावाले भाऊ, तुमची पण चालेल.