वडिलांसाठी पोळ्याची बैलजोडी: फॉन्डन्ट नको, खवा घ्या

ताई, वडिलांसाठी बैलजोडीचा केक करायचाय म्हणता आणि वरच्या उत्तरांत बऱ्याच जणांनी फॉन्डन्ट, म्हणजे केक सजवायचा साखरेचा मऊ गोळा, सुचवलाय. श्रावण अमावास्येच्या दमट हवेत ते घाम धरतं, चिकट होतं. शिवाय चव काय, नुसती साखर! त्यापेक्षा धाराशिव जिल्ह्यातल्या कुंथलगिरीचा नाहीतर भूमकडचा घट्ट खवा आणा.

पाव किलो खवा मंद आचेवर कढई सोडेपर्यंत परता. पार कोमट झाला की मगच ७५ ग्रॅम पिठीसाखर आणि दोन चमचे दूध पावडर घालून मळा. गरम खव्यात साखर विरघळते, गोळा सैल पडतो, मग बैलाची मान खाली येते. यात दोन लहान बैल होतात. प्रत्येकी धडाला साधारण १०० ग्रॅम, डोक्याला २५, उरलेल्यात वशिंड, पाय, शेपूट. बैल बसलेलाच करा. उभ्याचे पाय वजन पेलत नाहीत, काड्या खुपसल्या तर खाताना घशाला लागायची भीती.

भेगा पडल्या तर दूध ओतू नका, बोटाला तूप लावून घासा. शिंगं भिजवून सोललेल्या बदामाच्या उभ्या कापांची, डोळे काळ्या तिळाचे. झुलीसाठी थोडा गोळा बाजूला काढून त्यात आटवलेला बीटरस मळा. पातळ रस घातला की रंग धडावर उतरतो. झूल पानात वाढायच्या अगदी थोडं आधी घाला. जोडी फ्रिजमध्ये ठेवली असेल तर बाहेर काढल्यावर दव धरतं, म्हणून ती झाकूनच अर्धा तास बाहेर ठेवा.

केक खाली हवाच असेल तर साधा रव्याचा पुरे.