अभ्यासिकेतील मुलांचा सायंकाळचा खाऊ

बी-विंग, दुसरा मजला : नमस्कार. अभ्यासिकेत मुलांना पाच वाजता चुरमुऱ्यांचा चिवडा आणि बिस्किटे मिळतात, तरीही सहाच्या ठोक्याला ती भूक लागली म्हणून घरी येतात. खाऊ बदलावा असे मला वाटते. कृपया सर्वांनी सुचवावे.

ए-विंग, तळमजला : ताई, माझ्या नातवाचेही हेच होते. चुरमुऱ्यांनी वाटी शिगोशीग भरते, पण वजनाला त्यात काही नसते, आणि मैद्याचे बिस्कीट लवकर पचून जाते. ज्या पदार्थात प्रथिने आणि तंतू जास्त, तो पोटातून सावकाश पुढे सरकतो, रक्तातील साखर एकदम चढून उतरत नाही, आणि त्यामुळे रात्रीच्या जेवणापर्यंत दम निघतो. १०० ग्रॅम फुटाण्यांत साधारण २० ग्रॅम प्रथिने असतात. म्हणजे ३० ग्रॅमची एक मूठ जवळपास एका अंड्याच्या तोडीची होते. साले मात्र पाखडून टाकू नयेत, कारण तंतूंचा मोठा वाटा सालींतच असतो. गेला आठवडाभर मी नातवाला सालासकट फुटाणे, थोडे भाजके शेंगदाणे आणि गुळाचा लहानसा खडा देत आहे. आठपर्यंत तो स्वयंपाकघरात डोकावत नाही.

सी-विंग, तिसरा मजला : काका, सूचना मान्य आहे. शेंगदाणे मात्र मोजून द्यावेत, कारण १०० ग्रॅममध्ये साडेपाचशेहून अधिक कॅलरी असतात. सोबत येणाऱ्या पाच वर्षांखालील भावंडांना अख्खे दाणे किंवा फुटाणे अजिबात देऊ नयेत. ते घशात अडकू शकतात. कोणाला शेंगदाण्याची ॲलर्जी असल्यास पालकांनी आधी कळवावे. आमच्याकडे सांगोल्याची डाळिंबे आली आहेत, त्यांचा रस काढून पाठवू का?

ए-विंग, तळमजला : रस गाळला की चोथा जातो आणि उरते ते गोड पाणी, म्हणून दाणेच वाटीत द्यावेत. आणखी एक सांगतो. सोलापुरात घरोघरी कडक भाकरी असताना बिस्किटांचा पुडा फोडावाच कशाला? ज्वारीची कडक भाकरी चुरून, घट्ट दह्यात पाच मिनिटे मुरू द्यावी आणि वर चमचाभर शेंगाचटणी घालावी. चमचाभरच, कारण तिच्यात मीठ आणि तिखट दोन्ही असते. भाकरी दही शोषून फुगते, मुलांना ती चावून खावी लागते आणि वाटीभरातच पोट भरते.

बी-विंग, दुसरा मजला : मग सोमवारी दही-भाकरी, मंगळवारी फुटाणे आणि बुधवारी मोडाची मटकी वाफवून, कांदा-लिंबू घालून देऊ. मटकी मी भिजत घालते. दह्याचे सी-विंगने पाहावे.