फ्रीजमध्ये गॅस भरण्याचा खर्च : तुमचे अनुभव सांगा

सव्वा वर्षात आमच्या फ्रीजमध्ये दोनदा गॅस भरून झाला. दोन्ही बिलांवर एकच ओळ, 'गॅस चार्जिंग'. आता पुन्हा दूध नासलं. गॅस वापरून संपत नाही, बंद नळीत तोच फिरत राहतो, हे मला आत्ता कळलं. मग पैसे नक्की कशाचे मोजतोय आपण? ज्यांनी हे निस्तरलंय त्यांनी सविस्तर लिहा.

— गळती शोधण्याचे मोजा, गॅसचे नव्हे. आमच्याकडे पहिल्या मेकॅनिकने अर्ध्या तासात गॅस भरला, चार महिन्यांत गेला. दुसऱ्याने आधी नायट्रोजनचा दाब दिला आणि एकेका जोडाला साबणाचा फेस लावला. नळीतली ओल शोषणाऱ्या फिल्टरजवळ मोहरीएवढा बुडबुडा आला, फुटला, परत आला. तो जोड नव्याने केला, फिल्टर बदलला, नळीतली हवा आणि ओल काढायला व्हॅक्यूम पंप बराच वेळ चालवला, शेवटी काट्यावर गॅस मोजून घातला. बिल मोठं आलं, पण सहावं वर्ष चालू आहे.

— मी फ्रीझरमधला बर्फ सुरीने उचकटत होते. फुस्स झालं आणि संपलं. त्या पातळ पत्र्यातच गॅसची वाट असते. कृपा करून सुरी लावू नका, फ्रीज बंद करून बर्फ वितळू द्या.

— आमचा गॅस गेलाच नव्हता! फ्रीझर गार, खालचा कप्पा कोमट. फोनवरच 'गॅस संपलाय' म्हणून सांगितलं गेलं. उघडल्यावर गार करणाऱ्या नळ्यांवर, म्हणजे कॉइलवर, बर्फाची भिंत दिसली, हवा खाली येईना. तो बर्फ वितळवणारा डीफ्रॉस्ट हीटर बदलला, एवढंच.

— मी हेच काम करतो. फ्रीजच्या पट्टीवर गॅसचं नाव आणि वजन छापलेलं असतं. आर-६००ए म्हणजे आयसोब्यूटेन, बऱ्याचदा ५०-६० ग्रॅमच. इतक्या कमी मापात अंदाजपंचे भरणं चालत नाही. शिवाय तो पेट घेतो, आत गॅस असताना ज्योत लावायची नाही. गळती बाजूच्या भिंतीतल्या कंडेन्सरमध्ये, म्हणजे उष्णता बाहेर टाकणाऱ्या नळ्यांमध्ये, असेल तर तो बाद करून मागे बाहेरून नवा बसवता येतो. फोममधली थंड कॉइलच गळत असेल आणि फ्रीज जुना असेल, तर मी स्वतःच खर्च करू नका म्हणतो. आणि जिथे गळतं तिथे पुष्कळदा तेलही झिरपतं, तेवढं बघून ठेवा.

— धागा काढणारी मीच. फ्रीज वळवून पाहिला. पट्टीवर आर-६००ए, ५२ ग्रॅम. कॉम्प्रेसरजवळच्या एका जोडावर धूळ चिकटून काळी झालीये, बोट लावलं तर तेलकट. उद्या मेकॅनिक आला की आधी तेच दाखवते.