मदत हवी आहे: मागचे शॉकअप कोणते टाकू?

घाटमाथा:
गाडी मागून बसलीय. घरची सगळी मंडळी आणि बॅगा भरल्या की स्पीडब्रेकरला खालून घासते. घाटात वळणावर मागचा भाग डुलतो. गॅरेजवाला म्हणतो चारही शॉकअप गेलेत. कंपनीचे टाकू की बाहेरचे? गॅसचे टाकले तर गाडी उचलेल का? शुक्रवारी कराडहून कुंभार्ली घाटाने चिपळूणला निघायचंय, लवकर सांगा. 'गूगल करा' म्हणणाऱ्यांनी पुढच्या धाग्यावर जावे.

मिस्त्री:
गाडी कोणती? साल? किती चाललीय? ज्योतिषालासुद्धा पत्रिका दाखवावी लागते.

घाटमाथा:
स्विफ्ट पेट्रोल, २०१३. किलोमीटरचा काय संबंध? शॉकअप सांगा ना.

वेगवेडा:
लोअरिंग स्प्रिंगा टाक भावा, १६ इंची अलॉय चाकं चढव. वळणावर चिकटून जाते गाडी!

मिस्त्री:
@वेगवेडा, बसलेली गाडी अजून बसवतोस होय रे?

चाकणकर:
उभी गाडी मागून बसली असेल तर शॉकअपच्या नावाने पैसे घालवू नका. वजन पेलते स्प्रिंग. शॉकअप फक्त तिची उसळी आवरतो, तो काढून ठेवला तरी गाडी जवळपास त्याच उंचीवर उभी राहील. गॅसच्या शॉकअपात नायट्रोजन असतो तो तेलाला फेस येऊ नये म्हणून. त्याने गाडी उचललीच तर नखभर.
सपाट जागी, रिकाम्या गाडीत, चाकाच्या मध्यापासून वर मडगार्डच्या कडेपर्यंत टेप लावा. दोन्ही बाजू मोजा. आणि डिकीत काय काय आहे?

घाटमाथा:
डिकीत सीएनजीची टाकी. ती काय, सगळ्यांच्याच असते.

मिस्त्री:
धन्य आहात! ६० लिटरची लोखंडी टाकी म्हणजे पन्नास-साठ किलो, वर आठ-नऊ किलो गॅस. एक माणूस कायमचा डिकीत बसवलाय आणि विचारताय शॉकअप कोणते.

शांताराम_पुणे:
आरसीवर सीएनजीची नोंद आहे ना? टाकीची हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाने तपासणी) दर ३ वर्षांनी करावी लागते. बरेच जण विसरतात.

घाटमाथा:
आहे हो नोंद. ते विचारलेलं नाही.

कोल्हापुरी_तडका:
स्प्रिंगच्या वेढ्यांत रबरी बफर अडकवा, विषय संपला. माझ्या गाडीत कधीपासून आहेत, एकदम झकास.

चाकणकर:
बफर बसतो तिथले वेढे जखडले जातात. मग सगळी दबादबी उरलेल्या वेढ्यांवर. स्प्रिंग कडक होते खरी, पण रिकामी गाडी मागून आपटत जाते, आणि जुनी स्प्रिंग असेल तर मोडायची भीती.

कोल्हापुरी_तडका:
पुस्तकी ज्ञान. माझी मोडली नाही.

कोकणकन्या:
मुंबई-गोवा महामार्गावर एकदा जाऊन या, शॉकअप काय अन् स्प्रिंग काय, माणसाचे मणकेही बदलावे लागतात.

मिस्त्री:
ताई, ते कराडहून निघालेत. महामार्ग चिपळुणात पोचल्यावर.

घाटमाथा:
मोजलं. डावीकडे ३४.५ सेंमी, उजवीकडे ३६. खूश?

चाकणकर:
हे कामाचं बोललात. टाकीच्या वजनाने दोन्ही बाजू सारख्याच बसल्या असत्या, दीड सेंटिमीटरचा फरक पडला नसता. डावी स्प्रिंग मोडलेली असू शकते. बहुतेकदा अगदी खालचा वेढा मोडतो आणि तुकडा खालच्या रबरी बैठकीत अडकून राहतो, त्यामुळे पटकन दिसत नाही.
स्विफ्टला मागे स्प्रिंग आणि शॉकअप वेगवेगळे असतात, त्यामुळे काम सोपं. स्प्रिंगा दोन्ही बदला, एकच नको. सीएनजीसाठी थोड्या कडक मिळाल्या तर त्याच घ्या. मग मागच्या शॉकअपच्या दांड्यावर तेलाचा ओघळ आहे का बघा. डिकी जोरात दाबून सोडा: वर येऊन थांबली तर ठीक, डुलत राहिली तर मागची जोडी बदला, नाहीतर कडक स्प्रिंगची उसळी त्यांना आवरणार नाही. पुढचे गळत नसतील तर त्यांना हात लावू नका.

वेगवेडा:
अलॉयचं काय मग?

घाटमाथा:
टॉर्च मारून बघितलं. डावीकडे खाली रबरात एक गंजका तुकडा वेगळाच पडलाय. इथे फोटो कसा टाकतात?

शांताराम_पुणे:
मदतपुस्तिका वाचा. आणि टाकीवरची टेस्टची तारीखही बघून घ्या.