लिव्हर हार्प शिकायची आहे: आधी कुठली शिकवणी, मग कुठली?

वैदेही_कॉर्क
नमस्कार मंडळी. आयर्लंडात येऊन सहा वर्षं झाली. इथल्या नाण्यांवर, पासपोर्टवर हार्प रोज दिसते, पण जवळून ऐकली ती गेल्या मार्चमध्ये, शेजारच्या आजींच्या अंत्यविधीला. चर्चमध्ये त्यांच्या नातीनं एकटीनं कॅरोलन या जुन्या आयरिश हार्पवादकाची एक धून वाजवली. शेवटचा सूर वाजल्यावर तिनं दोन्ही तळवे तारांवर टेकवले आणि आवाज थांबला. तेव्हापासून हे डोक्यातून जात नाहीये.

वय ४१. लहानपणी साताऱ्याला पेटी शिकले, प्रवेशिका पूर्णपर्यंत. कान बरा आहे, स्टाफ नोटेशन (पाच रेघांवरची पाश्चात्त्य स्वरलिपी) अजिबात येत नाही. महिन्याला १२० युरोच्या वर जाता येणार नाही. त्यातले ४० भाड्याच्या लिव्हर हार्पचे (तारेचा स्वर चढवायला वर हातानं फिरवायच्या छोट्या कळा असतात, ती), म्हणजे शिकवणीला ८० उरतात. सरावाला रोज तासभर, मुलगी झोपल्यावर.

माझ्यासमोर तीन पर्याय आहेत. एक, पारंपरिक पद्धतीनं शिकवणाऱ्या बाईंचा गट: आठवड्यातून एकदा, सगळं कानानं, महिना ६०. दोन, ग्रेड परीक्षांच्या अंगानं शिकवणाऱ्या बाई: एकटीची शिकवणी, पंधरा दिवसांतून एकदा, एका वेळेचे ४०. तीन, रेकॉर्ड केलेला ऑनलाइन कोर्स: महिना २०. आधी कुठला घेऊ? दोन एकत्र जमतील का?

बोरिवलीकर_डब्लिन
पहिलं सांगतो, भाड्याची घेऊ नका. आम्ही मुलीसाठी सरळ ३४ तारांची विकत घेतली, साडेतीन हजार युरो गेले, पण एक दिवस पस्तावलो नाही. भाड्याच्या हार्पवर कोणाकोणाचे हात पडलेले असतात. स्वतःची असली की घरात येता-जाता वाजवली जाते. मुलगी आता शाळेच्या प्रत्येक कार्यक्रमात वाजवते, मागच्या वर्षी काउंटीच्या स्पर्धेत दुसरी आली. शिकवणी कुठलीही घ्या, वाद्य चांगलं हवं.

वैदेही_कॉर्क
दादा, मुलीचं अभिनंदन. पण माझं बजेट महिना १२० आहे, वर लिहिलंय.

बोरिवलीकर_डब्लिन
हप्त्यानं मिळते की. बघा विचारून.

मंजिरी_के
ऑनलाइन कोर्सबद्दल पोटतिडकीनं लिहिते आहे. मी वर्षभर फक्त व्हिडिओ बघून शिकले. आठ धुना बसवल्या, नवरा खूश, मी खूश. मग उजव्या हाताचं मनगट दुखायला लागलं, इतकं की कणीक मळता येईना. शेवटी एका बाईंकडे गेले. त्यांनी माझा हात बघितला आणि पहिल्यांदा खुर्चीच बदलायला लावली. मी फार खाली बसत होते, त्यामुळे मनगट मोडल्यासारखं आत जात होतं. अंगठा आडवा पडत होता. आठही धुना बाजूला ठेवून चार महिने फक्त दोन बोटांचे व्यायाम केले. आधी सहा शिकवण्या घेतल्या असत्या तर ते वर्ष वाचलं असतं. तीन नंबर घ्यायचाच तर सगळ्यात शेवटी.

सदाशिव_पेठ
वैदेही, तू प्रवेशिका पूर्ण केली आहेस म्हणजे तुझा कान तयार आहे. कागदाच्या मागे लागू नकोस. कॅरोलन (१६७० ते १७३८) अठराव्या वर्षी देवी येऊन आंधळा झाला आणि त्यानंतर हार्प शिकला. तो काय नोटेशन वाचत होता? ही विद्या गुरूच्या समोर बसून, ऐकून घ्यायची आहे. एक नंबर घे आणि बाकीचं विसर.

अवांतर: हार्प ही काही परदेशातून आलेली गोष्ट समजू नये. समुद्रगुप्ताच्या सोन्याच्या नाण्यावर तो मांडीवर जे घेऊन बसला आहे ती हार्पच आहे.

गोंदियाचा_गडी
काका, समुद्रगुप्ताचं बरोबर आहे, ती धनुष्याच्या आकाराची वीणा आहे, आजची सरस्वती वीणा नव्हे. पण नाण्यापर्यंत कशाला जायचं? मध्य प्रदेशात मंडल्याकडचे परधान लोक बीन-बाजा वाजवतात, तीही त्याच आकाराची हार्प. पाचच तारा. ब्रह्मदेशातली साउंगसुद्धा त्याच कुळातली. आपल्या शेजारच्या जिल्ह्यांत हे वाद्य वाजवणारे हात कमी होत चालले आहेत आणि आपण त्याबद्दल दोन ओळी लिहीत नाही, याचं वाईट वाटतं.

सदाशिव_पेठ
बीन-बाजाचं माहीत नव्हतं. वेगळा धागा काढा, मी येतो.

हेमंत_टोरोंटो
माझी भाची इथे ऑर्केस्ट्रात पेडल हार्प वाजवते. ४७ तारा, आणि स्वर बदलायला पायानं दाबायची सात पेडल. तिचं म्हणणं, लिव्हरवर वेळ घालवू नये, सुरुवातच पेडलवर करावी, म्हणजे कुठल्याही स्वरात जाता येतं. तिनं नवव्या वर्षी सुरू केलं आणि आता तिला लग्नसमारंभांची इतकी बोलावणी येतात की नाही म्हणावं लागतं. ग्रेडवाल्या बाई उत्तम. आठव्या ग्रेडपर्यंत सलग जावं.

रोहिणी_गॉलवे
हेमंतदादा, पेडल हार्प माणसापेक्षा उंच आणि पस्तीस-चाळीस किलोची असते. वैदेहीला मुलगी झोपल्यावर तासभर वाजवायचंय.

मी सहा वर्षं लिव्हर हार्प शिकते आहे, तेव्हा क्रमाबद्दल नीट लिहिते.

पहिले दोन-तीन महिने फक्त हात. खुर्चीची उंची, हार्प उजव्या खांद्यावर किती टेकवायची, अंगठा वर आणि बाकी बोटं खाली उतरती, आणि तार छेडली की बोट तळहातात मिटलं पाहिजे. करंगळी लागत नाही, दोन्ही हातांची चार-चारच बोटं. पेटीवाल्यांना इथे सवय मोडावी लागते. पेटीवर एक बोट उचललं की दुसरं पडतं. हार्पवर पुढच्या तीन-चार सुरांच्या तारांवर बोटं आधीच नेऊन ठेवायची आणि मग एकेक सोडायची. सप्तक चढताना चौथं, तिसरं, दुसरं, अंगठा, आणि अंगठा सुटायच्या आत चौथं बोट त्याच्या खालून पुढच्या तारेवर जाऊन बसलेलं हवं. वाजणाऱ्या तारेवर बोट उशिरा ठेवलंत की करकर ऐकू येते. ही करकर आपल्याला सवयीनं ऐकू येईनाशी होते, म्हणून समोर माणूस हवा. मंजिरी म्हणते ते सगळं खरं आहे.

तेव्हा माझा सल्ला: ग्रेडवाल्या बाईंकडे चार-सहा वेळा जा आणि त्यांना स्पष्ट सांग की मला फक्त हात बसवून द्या. मग गटात जा. गटात बाई दहा जणांचे हात बघू शकत नाहीत, पण ठेका, धून लक्षात ठेवणं, दुसऱ्याबरोबर वाजवणं तिथेच येतं. व्हिडिओ नंतर, नव्या धुना घ्यायला. स्टाफ नोटेशन तिसऱ्या वर्षी शिकलीस तरी चालेल.

पेटीवालीला उपयोगी अजून एक. लिव्हर हार्प बहुतेक ई फ्लॅट मेजरमध्ये जुळवतात, म्हणजे बी, ई आणि ए अर्ध्या स्वरानं उतरलेले. लिव्हर वर केला की ती तार अर्ध्या स्वरानं चढते. बी, ई आणि ए चे लिव्हर वर केले की सी मेजर, म्हणजे सी ला सा धरलास तर बिलावल. त्यात एफ चा वर केला की तीव्र मध्यम, यमन तयार. पुन्हा बिलावलावर येऊन बी चा खाली घेतला की खमाज, ई चाही घेतला की काफी. सगळे शुद्ध ठेवून ई ला सा मानलास तर भैरवीचे स्वर मिळतात, आणि तिथेच जी व डी चे लिव्हर वर केले की भैरव. तोडी सी किंवा ई ला सा धरून बसत नाही आणि मींड तर नाहीच. लाल तार सी, काळी किंवा निळी एफ, त्या दोन डोळ्यांसमोर ठेव. मी पहिल्या हिवाळ्यात रोज रात्री शेवटची दहा मिनिटं भूप वाजवायचे, त्या दहा मिनिटांसाठी बाकीचे व्यायाम व्हायचे.

मंजिरी_के
रोहिणी, भैरवचं आत्ताच लावून बघितलं. अंगावर काटा आला. सहा वर्षांत मला हे कोणी सांगितलं नाही.

अनिकेत_लीड्स
मी काय केलं ते सांगतो. ऑनलाइन २२ तारांची हार्प स्वस्तात मिळाली, खूप नक्षीकाम, दिसायला सुंदर. दोन महिन्यांत लिव्हर सैल पडले, वर केला की तार खणखणायची. पुढच्या हिवाळ्यात हीटरच्या खोलीत ठेवली तर पुढची फळी तारांच्या ताणानं फुगून वर आली. दुरुस्ती करणाऱ्यानं हातही लावला नाही. पैसे गेले आणि शिकायची उमेदही गेली. भाड्याचीच घ्या, आणि हीटरपासून लांब ठेवा. शिकवणीबाबत, आधी माणसाकडून हात शिकून घ्यावा असं मला वाटतं.

बोरिवलीकर_डब्लिन
म्हणूनच म्हणतो, चांगली विकत घ्या.

सदाशिव_पेठ
रोहिणीताईंचं पटलं, पण ग्रेडची पायरी अनावश्यक. परीक्षा आल्या की माणूस तीन तुकडे घोटत बसतो. मी परीक्षक म्हणून बसलो आहे, मुलं राग विसरतात आणि तान पाठ करतात. हातसुद्धा गुरू गटात बघतोच.

नीलिमा_पी
काका, थोडी असहमत. १७९२ मध्ये बेलफास्टला जुने हार्पवादक जमले, तेव्हा एकोणीस वर्षांच्या एडवर्ड बंटिंगनं त्यांच्या धुना लिहून घेतल्या. त्यात हेम्प्सन नावाचे नव्वदी ओलांडलेले वादक होते, पितळी तारा नखांनी छेडण्याची जुनी पद्धत तिथे एकट्या त्यांनीच राखली होती. बंटिंगनं लिहिलं नसतं तर त्यातलं पुष्कळ त्या माणसांबरोबर गेलं असतं. आपल्याकडे भातखंड्यांनी बंदिशी लिहून ठेवल्या म्हणून आज आपल्या हातात आहेत. कागदाला इतकं कमी लेखू नका.

सदाशिव_पेठ
भातखंड्यांबद्दल माझ्या मनात आदरच आहे. पण त्यांचं पुस्तक बघून कोणी गवई झाला नाही.

गोंदियाचा_गडी
बीन-बाजाचा धागा काढला आहे. वाचा मंडळी.

प्राची_एस
मलाही वाटतं आधी हात, मग गट, मग व्हिडिओ. वर सगळ्यांनी लिहिलंच आहे. मी स्वतः सतार शिकते.

वैदेही_कॉर्क
सगळ्यांचे मनापासून आभार. रोहिणीताई, लिव्हरचं सगळं वहीत उतरवून घेतलं आहे. तरीही मी दोन नंबर घेते आहे, वर्षभर फक्त तोच, आणि नोटेशन पहिल्या दिवसापासून. बहुतेकांनी उलट सांगितलं, म्हणून कारण लिहिते.

त्या दिवशी चर्चमध्ये नातीच्या स्टँडवर एक पान होतं. आजी स्वतः हार्प वाजवायच्या, ते मला सहा वर्षं शेजारी राहून कळलं नव्हतं. त्या पानावर त्यांच्या हातचे पेन्सिलीनं लिहिलेले बोटांचे आकडे आहेत, काही ठिकाणी दोनदा खोडून बदललेले. नातीनं मला त्याची प्रत दिली. ती माझ्या कपाटात आहे आणि मला त्यातली एक ओळ वाचता येत नाही. काका, धून कानानं कदाचित महिन्याभरात बसेल, पण आजींनी कुठे बोट बदललं ते कानाला कळणार नाही.

रोहिणी_गॉलवे
मग दोन नंबरच बरोबर आहे. ते पान पहिल्याच दिवशी बाईंना दाखव.

सदाशिव_पेठ
हे आधी लिहिलं असतंस तर मी इतका वाद घातला नसता. शिक. पान वाचता आलं की इथे कळव.

वैदेही_कॉर्क
तीन शिकवण्या झाल्या. पान दाखवलं, बाईंनी ते वहीत मागे लावून ठेवायला सांगितलं, सध्या नाही म्हणाल्या. पहिला अर्धा तास एकही धून नाही, फक्त दुसरं बोट तळहातात मिटायचं, मग अंगठा. खुर्चीवर दोन उशा घालाव्या लागल्या. भाड्याची हार्प घरी आली आहे, वरच्या आठ तारा नव्या नायलॉनच्या आहेत. रात्री जुळवते, सकाळी पुन्हा उतरलेल्या असतात. हे नेहमीचं आहे का, की खुंट्या सैल आहेत?

रोहिणी_गॉलवे
नव्या तारा ताणल्या जातात, नेहमीचंच आहे. पंधरा दिवस रोज दोनदा जुळव. त्यानंतरही एखादी एकटीच उतरत राहिली तर तिची खुंटी जुळवताना किंचित आत दाबून फिरव. तरी उतरली तर भाड्यानं देणाऱ्यांना कळव.